उणे उजनी आणि फौजीचं हॉस्पिटल बिल

कार्ड चालू आहे, पॉलिक्लिनिकचं रेफरल हातात आहे, हॉस्पिटलच्या दारात ‘ईसीएचएस’ची, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची, पाटीही लागलेली आहे. तरी काउंटरवरचा माणूस म्हणतो, “काका, ईसीएचएसचं सध्या बंद आहे. डिपॉझिट भरा, नंतर बघू.” हे वाक्य बऱ्याच माजी सैनिकांना आणि वीरपत्नींना पाठ झालंय. आणि नेमकं त्याच सुमारास टीव्हीवर बातमी असते की माजी सैनिकांच्या उपचारांसाठी केंद्रानं भरघोस वाढीव तरतूद केली. मग खोटं कोण बोलतंय? बहुतेक वेळा कुणीच नाही. वाढ खरी असते आणि पैसे नसणंही खरं असतं.

हे सोलापूरकराला उजनीच्या भाषेत पटकन कळेल. उजनीत 117 टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं 63.66 टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्याला न सुटणारं पाणी. उरलेल्या 53.57 टीएमसीवर आपले टक्के मोजले जातात. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये जातं. 2024 साली ते उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. अशा वर्षी जूनमध्ये कितीही दणकून पाऊस झाला तरी पहिलं पाणी खड्डा भरण्यात जातं आणि कालव्याला थेंब सुटत नाही. पेपरात ‘उजनीत इतके टीएमसी आले’ हे छापून येतं तेही खरं, आणि शेतकरी ‘पाणी नाही’ म्हणतो तेही खरं.

ईसीएचएसच्या पैशांचं असंच होतं. 1 एप्रिलला नवं आर्थिक वर्ष सुरू होतं तेव्हा मागच्या वर्षाची न चुकवलेली हॉस्पिटल बिलं रांगेत उभी असतात. नवी तरतूद आली की आधी तो खड्डा भरतो. खड्डा मोठा असेल तर नव्या वर्षाचे पैसे मार्चच्या कितीतरी आधी संपतात, पुन्हा बिलं थकतात आणि पुढच्या एप्रिलला तीच रांग. राजकीय वादात दोन्ही बाजू आकडे फेकतात, पण हा खड्डा किती खोल आहे यावर फार कमी जण बोलतात.

योजना आहे तरी काय

2003 च्या आधी निवृत्त सैनिकाला लष्करी रुग्णालयाचा आधार होता, तोही तिथे जागा असेल तर. पुणे किंवा अहिल्यानगरसारखी छावणी जवळ असेल तर ठीक. सोलापुरात लष्करी रुग्णालयच नाही. देशातले बहुतेक जिल्हे असेच. म्हणून 30 डिसेंबर 2002 ला योजनेला मंजुरी मिळाली आणि 1 एप्रिल 2003 पासून ‘माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना’ सुरू झाली. तीच ईसीएचएस. सगळा कारभार संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाकडे. दिल्लीत मुख्यालय, त्याखाली प्रादेशिक केंद्रं, त्याखाली पॉलिक्लिनिक. सोलापूरच्या पॉलिक्लिनिकचं प्रादेशिक केंद्र पुण्यात आहे.

रचना साधी आहे. साधे आजार, तपासण्या आणि नेहमीची औषधं पॉलिक्लिनिकमध्ये. त्यापुढचं काही असेल तर लष्करी रुग्णालयात किंवा पॅनलवरच्या, म्हणजे योजनेशी करार केलेल्या, खासगी हॉस्पिटलमध्ये, कॅशलेस. म्हणजे सरकारनं नवी रुग्णालयं बांधली नाहीत, खासगी हॉस्पिटलांकडून सेवा विकत घेतली. या एका निर्णयाचे बरेवाईट परिणाम पुढच्या सगळ्या वादात सापडतात. फायदा हा की सोलापुरातल्या माणसाला अँजिओप्लास्टीसाठी पुणं गाठावं लागत नाही. तोटा हा की हॉस्पिटलचे पैसे अडले की उपचार अडतात.

‘अंशदायी’ म्हणजे सैनिकही वर्गणी भरतो. निवृत्तीच्या वेळी एकदाच, आयुष्यभरासाठी. 2017 च्या डिसेंबरअखेर ठरलेले दर असे: रिक्रूटपासून हवालदारापर्यंत 30,000 रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर (म्हणजे जेसीओ) 67,000, आणि अधिकारी 1,20,000. हवालदारापर्यंत जनरल वॉर्ड, जेसीओंना सेमी-प्रायव्हेट, अधिकाऱ्यांना प्रायव्हेट. 1 जानेवारी 1996 च्या आधी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धातल्या वीरपत्नींना वर्गणी माफ आहे. 1 एप्रिल 2003 नंतर निवृत्त होणाऱ्या पेन्शनधारकांना सदस्यत्व सक्तीचं. त्याआधीच्यांना पर्याय होता. त्यातले काही अजूनही पेन्शनबरोबर स्थिर वैद्यकीय भत्ता घेतात. असा भत्ता चालू असेल तर ईसीएचएस नाही. दोन्ही एकत्र मिळत नाहीत, आणि गावाकडे याच मुद्द्यावर सर्वात जास्त गोंधळ आहे.

कुटुंबात पत्नी किंवा पती येतात. मुलगा 25 वर्षांचा होईपर्यंत, किंवा त्याआधी कमवायला लागला वा लग्न झालं तर तोपर्यंत. अविवाहित आणि न कमावणारी मुलगी. दिव्यांग अपत्याला वयाची अट नाही. आई-वडील अवलंबून असतील तर दोघांचं मिळून मासिक उत्पन्न 9,000 रुपये अधिक महागाई भत्ता या मर्यादेत हवं.

बिलाचा प्रवास

आता खरी मेख. पेशंट डिस्चार्ज घेऊन मोहोळला घरी पोचतो, त्याचं बिल मात्र तिथून प्रवासाला निघतं.

हॉस्पिटल पेशंट दाखल झाल्याची नोंद ऑनलाइन पोर्टलवर करतं. डिस्चार्जनंतर बिल, डिस्चार्ज कार्ड, रेफरल, रिपोर्ट, स्टेंट किंवा इम्प्लांट असेल तर त्याचं स्टिकर आणि इनव्हॉइस, असं सगळं अपलोड होतं. बिल तपासणीचं काम एका सरकारी अखत्यारीतल्या एजन्सीकडे आहे. तिथली माणसं आधी कागद बघतात, मग डॉक्टर बघतात की उपचार रेफरलशी जुळतो का, दर बरोबर लावलाय का. शंका आली तर बिल ‘एनएमआय’ म्हणून परत येतं, म्हणजे अजून माहिती द्या. हॉस्पिटलच्या बिलिंग विभागात हा शब्द शिवीसारखा वापरतात. उत्तर दिलं की बिल पुन्हा रांगेत. तिथून प्रादेशिक केंद्राच्या वैद्यकीय संचालकांकडे, मग मंजुरीला. रक्कम मोठी असेल तर फाइल दिल्लीपर्यंत चढते. मंजुरी मिळाली तरी चेक निघतो तो खात्यात पैसे असतील तरच.

तेव्हा ‘बिल थकलं’ म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, बिल तपासणीत अडकलंय. दुसरी, बिल मंजूर आहे पण निधी संपलाय. पहिल्याला कारण कागदपत्रं, कमी माणसं, हॉस्पिटलची ढिलाई आणि कधी हॉस्पिटलची हातचलाखी. दुसऱ्याला कारण अर्थसंकल्प. सरकारी बाजू वादात नेहमी पहिल्याकडे बोट दाखवते आणि विरोधक दुसऱ्याकडे. कोणत्या टप्प्यावर किती रकमेची बिलं आहेत हा आकडा मांडल्याशिवाय या भांडणाचा निकाल लागत नाही.

हातचलाखीबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. कॅगनं ईसीएचएसचं स्वतंत्र कामगिरी लेखापरीक्षण केलं, 2015 चा अहवाल क्रमांक 51. त्यात हॉस्पिटलांना जादा दिलेल्या रकमा, पॉलिक्लिनिकमधला औषधांचा तुटवडा आणि बिलांची दिरंगाई या सगळ्यांवर ताशेरे आहेत. काही हॉस्पिटलं गरज नसताना पेशंट ठेवून घेतात, आयसीयूचे दिवस वाढवतात, जनरल वॉर्डच्या माणसाला वरच्या दर्जाचं बिल लावतात. तपासणी कडक ठेवायला हवीच. मात्र तपासणीच्या नावाखाली प्रामाणिक बिलंही महिनोन्‌महिने पडून राहिली तर पहिल्यांदा योजनेतून बाहेर पडतात ती चांगली हॉस्पिटलं, कारण त्यांना दुसरे पेशंट असतात. मागे राहतात ती, ज्यांना उशीर परवडतो. तो का परवडतो, हे वाचकानं ओळखावं.

आकडा वाचायचा कसा

केंद्राचा अर्थसंकल्प 1 फेब्रुवारीला येतो. त्यात पुढच्या वर्षाचा मूळ अंदाज असतो, चालू वर्षाचा सुधारित अंदाज असतो आणि त्याआधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च असतो. बातमीत साधारणपणे या वर्षीचा मूळ अंदाज आणि मागच्या वर्षीचा मूळ अंदाज यांची तुलना येते. ईसीएचएसच्या बाबतीत हीच तुलना फसवी ठरते.

2023-24 चा मूळ अंदाज होता 5,431.56 कोटी रुपये. वर्षभरात तो पुरला नाही. मग सुधारित अंदाजात उपचारखर्चासाठी सुमारे 70 टक्के वाढ द्यावी लागली. 5,431 चे 70 टक्क्यांनी वाढवले तर 9,200 कोटींच्या आसपास जातात. पुढच्या वर्षी, 2024-25 ला, तरतूद झाली 6,968 कोटी. सरकारनं सांगितलं की ही 28 टक्के वाढ आहे. मूळ अंदाजाशी तुलना केली तर अगदी बरोबर. पण आदल्या वर्षी जितके प्रत्यक्षात लागले त्यापुढे ठेवा. 9,200 च्या जागी 6,968. म्हणजे वर्ष सुरू व्हायच्या आधीच पैसे कमी पडणार हे कागदावर दिसत होतं.

2025-26 ला 8,317 कोटी, म्हणजे मूळ अंदाजावर 19 टक्क्यांच्या वर वाढ. तरी तो आकडाही 2023-24 च्या सुधारित आकड्याच्या खालीच. 2026-27 साठी मात्र 12,100 कोटी, साडेपंचेचाळीस टक्क्यांची उडी. ही उडी मोठी आहे आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. इतकी मोठी उडी मारावी लागली, यातच आधीचे मूळ अंदाज किती तोकडे होते याची कबुलीही आहे.

सुरुवातीला कमी धरायचं आणि नंतर वाढवायचं, यानं काय बिघडतं? शेवटी पैसे मिळतातच ना? बिघडतं ते वेळेमुळे. पुरवणी मागण्या संसदेत येतात त्या पावसाळी किंवा हिवाळी अधिवेशनात, आणि सुधारित अंदाज थेट पुढच्या फेब्रुवारीत. मधल्या महिन्यांत हॉस्पिटलला पगार, ऑक्सिजन, स्टेंटवाल्या कंपनीचं देणं थांबवता येत नाही. मोठ्या शहरातलं साखळी हॉस्पिटल सहा महिने कळ काढतं. सोलापुरातलं पन्नास-साठ खाटांचं, एकदोन डॉक्टरांनी कर्ज काढून उभारलेलं हॉस्पिटल कळ काढू शकत नाही. ते आधी ‘ठरलेली ऑपरेशनं नंतर’ म्हणतं, मग ‘फक्त इमर्जन्सी’ म्हणतं, मग पाटी काढतं.

संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती या मागण्या तपासते आणि ईसीएचएसला पुरेसा निधी द्या ही शिफारस तिनं वेळोवेळी केलेली आहे. समितीत सर्व पक्षांचे खासदार असतात. म्हणजे सभागृहात एकमेकांवर तुटून पडणारे पक्ष समितीच्या खोलीत याच मुद्द्यावर एकमतानं सही करतात. शिफारस अर्थ मंत्रालयाला बंधनकारक नसते, हीच गोम.

वादाच्या दोन बाजू, आणि तिसरी

सरकारी बाजूचं म्हणणं असं. संरक्षण खर्चात निवृत्तिवेतनाचाच बोजा अवाढव्य आहे: 2025-26 च्या 6.81 लाख कोटींच्या संरक्षण अर्थसंकल्पात 1.60 लाख कोटींहून अधिक पेन्शनला जातात. ‘वन रँक वन पेन्शन’मुळे त्यात भर पडली. वैद्यकीय खर्चावर लगाम नसेल तर विमानं, तोफा आणि दारूगोळ्याला पैसे कुठून आणायचे? शिवाय सैनिकाची वर्गणी फार थोडी आहे. हिशेब करून पाहा. योजनेत पत्नी-मुलं-आईवडील धरून 60 लाखांहून अधिक लाभार्थी आहेत. 8,317 कोटी भागिले 60 लाख, म्हणजे वर्षाला माणशी 13-14 हजार. हवालदार आणि त्याची पत्नी मिळून वर्षाचे 27 हजार. त्याची आयुष्यभराची वर्गणी 30 हजार, म्हणजे ती पहिल्या वर्षाच्या थोडं पुढे संपते. पुढची तीस वर्षं करदात्याच्या पैशांवर.

हा हिशेब चुकीचा नाही, पण यावरून ‘वर्गणी वाढवा’ म्हणणारे एक गोष्ट विसरतात. शिपाई पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो, कारण सैन्याला तरुण माणूस हवा असतो. नागरी कर्मचाऱ्यासारखा तो साठीपर्यंत पगार घेत नाही. सियाचिनमध्ये गेलेले गुडघे आणि फुप्फुसं त्याला चाळिशीत त्रास द्यायला लागतात. उपचारांची हमी हा त्या नोकरीच्या करारातलाच भाग होता, विरोधकांचा आणि माजी सैनिक संघटनांचा हा युक्तिवाद आम्हाला जास्त वजनदार वाटतो. आणि प्रमाण बघा: 8,317 कोटी म्हणजे संरक्षण अर्थसंकल्पाच्या सव्वा टक्का. या रकमेनं तोफा अडतात असं म्हणणं ताणलेलं आहे.

तिसरी बाजू फारशी ऐकू येत नाही. पेन्शन कधी थकत नाही. का? कारण तिची वेगळी मागणी असते, माणसं किती आणि दर किती हे ठरलेलं असतं, आणि पैसे कमी पडले तरी पेन्शन थांबवायची हिंमत कुठलंच सरकार करत नाही. ईसीएचएसचा उपचारखर्च मात्र मंत्रालयाच्या महसुली खर्चातली एक ओळ आहे. मिळाले तितके वाटा, संपले की थांबा. हक्क सैनिकाला दिलाय, पण पैशांना हक्काचा दर्जा दिलेला नाही.

अमेरिकेतही 2022 साली नेमका हाच वाद झाला. इराक-अफगाणिस्तानात उघड्यावर कचरा जाळण्याच्या खड्ड्यांमुळे आजारी पडलेल्या सैनिकांसाठी ‘पॅक्ट’ कायदा आला. आजारी सैनिकांना मदत नको असं कुणी म्हणत नव्हतं. सिनेटर पॅट टूमी यांचा आक्षेप होता तो पैसे ‘बंधनकारक’ रकान्यात टाकायचे की दरवर्षी मंजूर करायच्या रकान्यात, यावर. विधेयक काही दिवस अडलं, माजी सैनिक संसदेच्या पायऱ्यांवर बसून राहिले, आणि 2 ऑगस्टला 86 विरुद्ध 11 मतांनी ते मंजूर झालं. तिथे सरकारची स्वतःची रुग्णालयं आहेत, तरी 2014 मध्ये फिनिक्सच्या रुग्णालयातल्या लपवलेल्या प्रतीक्षायाद्या उघड झाल्या होत्या. म्हणजे स्वतःची रुग्णालयं बांधली की प्रश्न सुटला, असंही नाही.

सोलापूरचा दहा टक्क्यांचा फटका

ईसीएचएस हॉस्पिटलांना पैसे देते ते सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या, दरानं. हे दर वर्षानुवर्षं गोठलेले होते. ऑक्टोबर 2025 मध्ये सीजीएचएसनं सुमारे दोन हजार उपचारांचे दर सुधारले आणि 15 डिसेंबर 2025 पासून ईसीएचएसनंही ते लागू केले. नव्या दरांत शहरांचे तीन थर आहेत. मुंबई-पुणे पहिल्या थरात. सोलापूर केंद्राच्या वर्गवारीत ‘वाय’ शहर असल्यानं दुसऱ्या थरात, तिथे 10 टक्के कमी. हॉस्पिटलला एनएबीएच हे दर्जाचं मानांकन नसेल तर आणखी 15 टक्के कमी. दर सेमी-प्रायव्हेट वॉर्डचा धरलेला असतो, जनरल वॉर्डला त्यातून 5 टक्के वजा.

समजा एखाद्या ऑपरेशनचं पॅकेज पहिल्या थरात एक लाखाचं आहे. तेच सोलापुरात 90 हजार. मानांकन नसलेल्या हॉस्पिटलात साडेशहात्तर हजार. पेशंट हवालदार असेल तर जनरल वॉर्डमुळे 72 हजार 700 च्या आसपास. सर्जन, भूलतज्ज्ञ, औषधं, खाट, जेवण सगळं यात. आता पुण्यातल्या मानांकित हॉस्पिटलात हाच हवालदार गेला तर त्यांना 95 हजार मिळतात. छोट्या शहरात जागा आणि माणसं स्वस्त, हा यामागचा तर्क आहे. पण औषधं किंवा सीटी स्कॅनचं मशीन सोलापुरात दहा टक्के स्वस्त मिळत नाही. त्यात जिल्ह्यातले बहुतेक माजी सैनिक जनरल वॉर्डवाले. म्हणून पॅनलवर यायला इथली हॉस्पिटलं कां-कूं करतात, आणि करमाळा किंवा माळशिरसहून शंभर किलोमीटरहून जास्त अंतर कापून आलेल्या म्हाताऱ्याला पुढे पुण्याचा रस्ता दाखवला जातो.

काउंटरवर अडलात तर

रेफरल घेताना तीन गोष्टी तिथेच वाचून घ्या: विभागाचं नाव, हॉस्पिटलचं नाव आणि मुदत. हृदयविकाराच्या रेफरलवर हॉस्पिटलनं मूत्रपिंडाचे उपचार केले तर तेवढी रक्कम कापली जाते आणि मग ती पेशंटकडून काढायचा प्रयत्न होतो. यादीत नसलेली प्रक्रिया असेल तर आधी मंजुरी लागते, इमर्जन्सी सोडून. मुलगा पंचविशी ओलांडून गेला असेल तर त्याचं कार्ड ब्लॉक होतंच, ऐनवेळी कळण्यापेक्षा आधी बघा.

पॅनलवरचं हॉस्पिटल कॅशलेस नाकारत असेल तर ‘ईसीएचएस पेशंट घेत नाही’ हे त्यांच्याकडून लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी द्यायची वेळ आली की खाट सापडते. करारानुसार पॅनलवरच्या हॉस्पिटलला डिपॉझिट किंवा दरातला फरक मागता येत नाही. लेखी दिलं नाही तर तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं पद लिहून पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे आणि पुण्याच्या प्रादेशिक केंद्राकडे तक्रार करा. केंद्र सरकारच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर टाकली तर तिला नोंदणी क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा.

इमर्जन्सीत रेफरल लागत नाही. आधी माणूस वाचवा. पॅनलवरचं हॉस्पिटल असेल तर 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं काम त्यांचं, पण नातेवाइकांनीही खात्री करावी. पॅनलबाहेरच्या हॉस्पिटलात जावं लागलं तर पैसे आपण भरायचे आणि नंतर क्लेम करायचा. इथेही 48 तासांत जवळच्या पॉलिक्लिनिकला खबर द्या. फोन केला तरी त्यापाठोपाठ ईमेल किंवा अर्ज हवा, कारण नुसत्या फोनचा पुरावा राहत नाही. क्लेमला लागतात: डॉक्टरांचं इमर्जन्सी सर्टिफिकेट, डिस्चार्ज कार्ड, बाबवार बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, सगळे रिपोर्ट, इम्प्लांटचं स्टिकर, कार्डाची प्रत आणि रद्द केलेला चेक. इमर्जन्सी सर्टिफिकेट डिस्चार्जच्या दिवशीच घ्या. दोन महिन्यांनी मागितलं तर डॉक्टर देत नाहीत किंवा गुळमुळीत लिहून देतात. क्लेम तीन महिन्यांच्या आत देऊन मोकळं व्हा. आणि परतावा ठरलेल्या दरानं मिळतो, भरलेल्या बिलाइतका नाही. तीन लाख भरून दीड लाख हातात पडले तर तो अन्याय नसून नियमच तसा आहे, म्हणून शक्य होताच पेशंटला पॅनलवरच्या हॉस्पिटलात हलवावं.

पॉलिक्लिनिकमध्ये औषध नसेल तर ‘उपलब्ध नाही’ असा शेरा कागदावर घेतल्याशिवाय बाहेरून विकत घेऊ नका.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आणखी एक. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान कार्ड मिळतं, वर्षाला 5 लाखांपर्यंत. गावात शिबिर लागतं, ऑपरेटर घाईनं सगळ्यांचे अंगठे घेतो. पण ईसीएचएस सदस्याला दोन्हीतलं एकच निवडावं लागतं. आयुष्मानमध्ये ओपीडी नाही, रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या नाहीत, आणि 5 लाखांची मर्यादा आहे. ईसीएचएसला अशी मर्यादा नाही. शिबिरात अंगठा देण्याआधी हे विचारा.

जे या छताखालीच नाहीत

पेन्शन नाही तर साधारणपणे ईसीएचएस नाही. 2019 च्या मार्चमध्ये दुसऱ्या महायुद्धातले सैनिक, आणीबाणी कमिशन आणि शॉर्ट सर्व्हिसचे अधिकारी आणि मुदतपूर्व निवृत्त झालेले यांना दार उघडलं. काही वर्षं नोकरी करून पेन्शनविना घरी आलेला साधा शिपाई बाहेरच राहिला. त्याच्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून संरक्षण मंत्र्यांच्या कल्याण निधीचा अर्ज करता येतो. ती मदत आहे, हक्क नाही. सीआरपीएफ, बीएसएफचे जवान या योजनेत कधीच नव्हते. ते गृह मंत्रालयाकडे, त्यांना सीजीएचएस.

आणि अग्निवीर. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांनंतर चारांतले तीन घरी परततात, पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएस नाही. 2024 च्या लोकसभा प्रचारात यावर रान पेटलं होतं, पण तेव्हा बोलणं बहुतेक नोकरी आणि पेन्शनवर झालं. औषधोपचारांचा मुद्दा मागे पडला. पहिली तुकडी 2022 च्या अखेरीस दाखल झाली, म्हणजे 2026 च्या अखेरीपासून पंचविशीच्या आतबाहेरची मुलं बार्शी, माढा, सांगोल्यात परतायला लागतील. ड्यूटीवर आलेल्या अपंगत्वाची भरपाई ठरलेली आहे. पण ड्यूटीत मुरगळलेला आणि पंधरा वर्षांनी निकामी झालेला गुडघा कुणाच्या खात्यावर? सध्याच्या नियमात उत्तर एकच, त्याच्या स्वतःच्या. अशा मुलांनी रेशनकार्ड अद्ययावत ठेवावं. 1 जुलै 2024 पासून महात्मा फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारकांना 5 लाखांपर्यंत लागू आहे. सेवेतली सगळी वैद्यकीय कागदपत्रं, विशेषतः दुखापतीचा अहवाल, निघतानाच प्रतींसह घ्यावी.

विचारायचे प्रश्न

सोलापूर आणि माढा हे जिल्ह्यातले लोकसभेचे मतदारसंघ, बार्शी मात्र धाराशिव मतदारसंघात. खासदाराला ‘ईसीएचएसचा निधी वाढवा’ असं निवेदन दिलं की फोटो निघतो आणि उत्तर येतं की निधी वाढवलेलाच आहे. त्याऐवजी लोकसभेत विचारता येईल असा प्रश्न लिहून द्या: 1 एप्रिल रोजी पुणे प्रादेशिक केंद्राकडे किती रकमेची बिलं थकीत होती, त्यातली तपासणीत किती आणि मंजूर होऊन निधीअभावी किती?

हाच प्रश्न माहिती अधिकारातही विचारता येतो. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर. अर्जात ‘बिलं का थकली’ असं विचारू नका, ‘का’ला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही. आकडा, तारीख आणि टप्पा मागा. जोडीला विचारा: सोलापूर जिल्ह्यातली पॅनलवरची हॉस्पिटलं कोणती, प्रत्येकाचा करार कधी संपतो, गेल्या दोन वर्षांत किती हॉस्पिटलं बाहेर पडली, पॉलिक्लिनिकमध्ये वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर पदं किती आणि भरलेली किती. पदं कंत्राटी असतात, त्यामुळे हा आकडा दर वर्षी बदलतो. अर्ज दर एप्रिलमध्ये टाकावा, म्हणजे खड्डा किती खोल होता हे वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी मिळतं आणि फेब्रुवारीतल्या आकड्याशेजारी ठेवता येतं.